भटारखान्यातली आग आणि वस्तादाचं तोंड

कवठे महांकाळच्या अंगाला लागून रत्नागिरी-नागपूर महामार्ग जातो. या रस्त्यावरचे ढाबे आणि हॉटेलं आपण पुढून बघतो. मागच्या भटारखान्यात मात्र आपल्याच वस्त्यांमधली पोरं राबत असतात. कुणी तंदूरवर असतो, कुणी कांदा-कोथिंबीर चिरतो, बरीच पोरं मोरीवर भांडी घासतात. घरी येतात तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असतो.

अशाच एका पोराच्या आईनं परवा आम्हाला बोलावून घेतलं. "ताई, पोराच्या अंगात ताप हाय, पण हात काय दाखवंना," ती म्हणाली. एकोणीस वर्षांचं पोरगं शर्टाची बाही खाली ओढून बसलं होतं. बाही वर केली तर मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेलं, त्यावर वाळून कडक झालेली टूथपेस्ट आणि कडेनं पू. भाजून तीन दिवस झाले होते. रविवारच्या गर्दीत गिऱ्हाईक खोळंबलं होतं, वस्ताद आई-बहिणीवरून शिव्या देत होता, घाईत मागून आलेल्या दुसऱ्या पोऱ्याचा धक्का लागला आणि कढईतलं तेल हातावर आलं. यानं फडकं गुंडाळलं आणि रात्री बंद होईपर्यंत काम केलं. "सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं," तो म्हणाला.

त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन ड्रेसिंग सुरू केलं. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा त्यानं मोबाइल पुढं केला. "ताई, हे बघा. अमेरिकेतल्या हॉटेलात पण आमच्यासारखंच हाय. इंग्रजी कळत नाही, पण सगळं कळतं."

आम्ही बघितलं. वीस मिनिटांचा भाग होता, पण संपल्यावर आमच्याच छातीत धडधडत होतं. आरोग्याच्या पानावर एका टीव्ही मालिकेबद्दल लिहिण्याचं कारण तेच आहे.

त्या वीस मिनिटांत काय होतं?

मालिकेचं नाव 'द बेअर'. 2022 साली अमेरिकेत आली. ख्रिस्तोफर स्टोरर हे तिचे निर्माते. शिकागो शहरातलं एक जुनं सँडविचचं दुकान. मालक असलेल्या थोरल्या भावानं आत्महत्या केली आणि दुकान धाकट्याच्या गळ्यात पडलं. हा धाकटा, कार्मी, मोठ्या नावाजलेल्या हॉटेलांत काम करून आलेला अव्वल स्वयंपाकी आहे. पण भावाच्या मरणाचं दुःख त्यानं कुणाजवळ उघड केलेलं नाही.

पहिल्या हंगामाच्या सातव्या भागाचं नाव 'रिव्ह्यू'. सुरुवातीची शहराची दृश्यं सोडली तर जवळजवळ सगळा भाग कॅमेरा न थांबवता, एका दमात चित्रित केला आहे. त्यामुळं बघणाऱ्यालाही श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. वर्तमानपत्रात दुकानाची स्तुती छापून आलेली असते, पण ती सिडनी नावाच्या हाताखालच्या मुलीच्या पदार्थाची. हे कार्मीला आतून टोचत असतं. त्यातच मशीनवर आगाऊ ऑर्डर घेण्याची सोय चुकून चालू राहते. दुकान उघडायच्या आत शेकड्यांनी ऑर्डरी येऊन पडतात आणि प्रिंटरमधून चिठ्ठ्यांची माळ थांबता थांबत नाही.

कार्मीचा तोल जातो. तो ओरडतो. मग सगळेच ओरडायला लागतात. या गोंधळात सिडनीच्या हातातली सुरी रिची नावाच्या सहकाऱ्याला मागून लागते. गोड पदार्थ करणारा मार्कस कित्येक दिवसांच्या खटपटीनंतर जमलेला डोनट कौतुकानं दाखवायला येतो, तर कार्मी तो जमिनीवर पाडतो. सिडनी काम सोडून जाते. मार्कसही जातो. ऑर्डरी तशाच राहतात.

सुरी कुणी रागानं मारलेली नाही. तसंच आपल्या पोराच्या हातावर तेल कुणी मुद्दाम ओतलेलं नाही. दोन्हीकडं आधी ओरडणं झालं आणि मग अपघात झाला. या दोहोंचा संबंध शरीरातून कसा जातो ते समजून घेऊ.

ओरडलं की शरीरात काय होतं

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. धोका जाणवला की त्या ॲड्रिनालिन नावाचं द्रव्य रक्तात सोडतात. हृदय जोरात धडधडतं, श्वास उथळ होतो, तळहाताला घाम सुटतो, मोठ्या स्नायूंकडं रक्त वळतं. वाघ मागं लागला तर पळायला ही व्यवस्था उत्तम आहे.

पण भटारखान्यात पळायचं नसतं. तिथं बारीक, नेमकं काम असतं. भीतीत बोटं थरथरतात आणि घामानं सुरीची मूठ निसटते. नजर एकाच गोष्टीवर खिळते, त्यामुळं बाजूनं येणारा माणूस दिसत नाही. सांगितलेलं डोक्यात राहत नाही. तीन ऑर्डरी सांगितल्या तर एकच आठवते, चूक होते, आणि चुकीवर पुन्हा ओरडा बसतो.

हे रोज बारा-बारा तास चाललं तर कॉर्टिसोल नावाचं दुसरं द्रव्यही वाढलेलं राहतं. झोप उडते, पित्त होतं, रक्तदाब वाढतो, बारीकसारीक गोष्टीवर डोकं फिरतं. दिवसभर शिव्या खाल्लेला पोरगा रात्री घरी येऊन आईवर किंवा बायकोवर खेकसतो, त्यामागं हेही असतं. त्यानं खेकसणं योग्य ठरत नाही, पण ते कुठून आलं हे कळलं तर थांबवता येतं.

"ओरडल्याशिवाय पोरगं शिकत नाही"

त्या पोराची आईच आम्हाला म्हणाली, "वस्ताद वरडतोय म्हणूनच तर शिकतंय की." हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय, म्हणून आमचाच अनुभव सांगतो.

आम्ही नर्सिंगच्या नोकरीत असताना वॉर्डात रोज ओरडा खाल्ला आहे. एकदा इंजेक्शनच्या मात्रेची शंका आली होती. विचारलं तर सगळ्यांसमोर पाणउतारा होईल, म्हणून आम्ही गप्प बसलो. दुसऱ्या सिस्टरनं वेळेवर बघितलं म्हणून पेशंट वाचला. आणि पुढं आम्ही सिनियर झालो तेव्हा नव्या पोरींवर आम्हीही तसंच ओरडलो. आज त्याची लाज वाटते. भीतीनं माणूस एकच गोष्ट नक्की शिकतो, ती म्हणजे चूक लपवणं. त्या पोरानं भाजलेला हात तीन दिवस लपवला, तो याच शाळेत शिकून.

मालिकेत याचं उत्तरही आहे. एकमेकांच्या मागून जाताना ते "मागं आहे" असं मोठ्यानं सांगतात. कोपऱ्यावर वळताना "कोपरा" म्हणून आवाज देतात. हा आवाज मोठा असला तरी तो सावध करायला असतो, घाबरवायला नसतो. आपल्याकडं "गरम आलं", "मागं आहे", "सुरी हाय" एवढे तीन शब्द भटारखान्यात रुजले तर किती हात वाचतील! त्या रविवारी मागून येणाऱ्यानं "मागं आहे" म्हटलं असतं तर तेल सांडलं नसतं.

दुसरी गोष्ट हाकेची. त्या दुकानात कार्मी सगळ्यांना एकमेकांना 'शेफ' म्हणायला लावतो, हाताखालच्या माणसालासुद्धा. आपल्याकडं मोरीवरच्या पोराला "ए बारक्या", "ए पोऱ्या" अशी हाक असते, आणि कधी त्याहून वाईट. हाकेतला अपमान म्हणजे काय, हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. ज्याला नावानं हाक मारली जाते तो "मला भाजलंय" हे सांगायला धजतो.

भाजलं तर पहिल्या वीस मिनिटांत

हा भाग कापून चुलीजवळ, गॅसजवळ चिकटवून ठेवा. पोरगा ज्या हॉटेलात कामाला असेल तिथंही एक द्या.

1. भाजलेला भाग ताबडतोब नळाच्या वाहत्या, साध्या गार पाण्याखाली धरा. पूर्ण वीस मिनिटं. नळ नसेल तर तांब्या-तांब्यानं पाणी ओतत राहा. वरची कातडी गार वाटली तरी आतली आग चालूच असते, म्हणून वीस मिनिटं. भाजून तीन तासांच्या आत कधीही पाणी सुरू केलं तरी फायदा होतो.

2. अंगठी, कडं, घड्याळ, मनगटातला दोरा लगेच काढा. नंतर सूज येते आणि ते रुततात. कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढू नका.

3. टूथपेस्ट, शाई, हळद, तेल, तूप, बटाट्याचा कीस, बर्फ यांतलं काहीही लावू नका. पेस्ट आणि तेलानं आतली उष्णता कोंडते, जंतू वाढतात आणि दवाखान्यात ते खरवडून काढताना पेशंटचे हाल होतात. बर्फानं कातडी आणखी मरते.

4. फोड फोडू नका. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडानं सैल झाका. डबे गुंडाळायचा पातळ प्लॅस्टिकचा नवा कागद असेल तर तोही चालतो, फक्त आवळून गुंडाळू नका.

5. भाजलेल्या माणसाच्या स्वतःच्या पंज्याएवढं किंवा त्याहून जास्त भाजलं असेल तर दवाखाना. चेहरा, हात, पाय, सांधे किंवा लघवीची जागा भाजली असेल तर थोडं असलं तरी दवाखाना. लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई, विजेचा झटका, धूर छातीत जाणं यांतही वाट बघू नका. 108 ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे.

6. अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर पळू नका, पळण्यानं आग भडकते. जमिनीवर लोळा, किंवा जाड सुती चादर गुंडाळून आग विझवा. नायलॉनची चादर नको.

7. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर त्यावर पाणी कधीही टाकू नका, भडका उडून तेल अंगावर येतं. कढई उचलू नका. गॅस बंद करा आणि झाकण किंवा परात वर सरकवा.

8. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि 1906 वर फोन करा.

सुरी लागली तर

स्वच्छ कापडानं जखम सलग दहा मिनिटं दाबून धरा. मधे मधे उघडून बघू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. सुरी आत रुतलेली असेल तर ओढून काढू नका, तीच रक्त अडवून धरत असते. तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा आणि दवाखाना गाठा. जखमेवर हळद किंवा चहापत्ती भरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं होतं ते सांगा. आठवत नसेल तर तेही सांगा.

उन्हाळ्यातला भटारखाना

आपल्या दुष्काळी पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यात बाहेरच अंग भाजतं. पत्र्याखाली, तंदूर आणि भट्टीशेजारी काय होत असेल! पाय आणि पोटऱ्यांत गोळे येणं, गरगरणं, मळमळ, भरपूर घाम, डोकं ठणकणं ही पहिली सूचना असते. लगेच सावलीत बसा, कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं अंग पुसा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट प्या. चमचा चहाचा, लहान घ्यायचा.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, झटका आला, शुद्ध हरपली आणि अंग तव्यासारखं तापलं असेल तर तो उष्माघात आहे. त्यात माणूस दगावतो. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी टाकून वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

काम चालू असताना दर वीस मिनिटांनी एक पेला पाणी प्यायचं. तहान लागायची वाट बघायची नाही. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मिठाबद्दल डॉक्टरांना विचारावं. कोळशाची भट्टी बंद खोलीत पेटवू नका. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नसतो. दोघा-तिघांचं एकदमच डोकं दुखून उलटीची भावना झाली तर सगळ्यांनी आधी मोकळ्या हवेत या.

मनावरचं भाजणं

कार्मीला भावाच्या मरणावर रडता आलेलं नाही, म्हणून तो ऑर्डरींवर ओरडतो. पुढच्या भागात, व्यसनी माणसांच्या नातेवाइकांच्या बैठकीत, तो पहिल्यांदा भावाविषयी मन मोकळं करतो. सिडनी आणि मार्कसची माफीही मागतो, आणि ती दोघं परत येतात. आपल्याकडं पुरुषानं माफी मागणं कमीपणाचं समजतात. इथं तर त्यामुळंच तुटलेली माणसं जोडली जातात.

रात्रीचं काम संपलं की आपली पोरं ताण घालवायला मावा, गुटखा, क्वार्टर याकडं वळतात. दारूनं झोप लागते खरी, पण ती गाढ लागत नाही, आणि सकाळी हात जास्त थरथरतो. तोच हात पुन्हा सुरी धरतो. त्याऐवजी राग चढला की दोन पावलं मागं सरका, आणि श्वास आत घ्यायला लागतो त्याहून जास्त वेळ लावून बाहेर सोडा. असं पाच-सहा वेळा केलं की धडधड उतरते. विहारात आनापान शिकलेल्यांना हे नवीन नाही.

सतत उदास वाटणं, झोप न येणं, जगणं नको वाटणं असं असेल तर 14416 या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, मोफत, दिवसरात्र चालू. मराठीत बोलता येतं. घरात कुणी आत्महत्येची भाषा केली तर "नाटक करतोय" म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, एकटं सोडू नका, शेतीचं औषध घरात असेल तर ते हलवा.

हक्काचं थोडंसं

चौदा वर्षांखालच्या मुलाला ढाब्यात, हॉटेलात कामाला ठेवायला 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. 2016 च्या दुरुस्तीनं ही बंदी सगळ्याच कामांना लागू झाली. सवलत आहे ती मुख्यतः शाळा सांभाळून घरच्या उद्योगात मदत करण्यापुरती. असं मूल कामावर दिसलं तर 1098 वर कळवा.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना 1946 साली बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. दुकानं आणि हॉटेलांसाठी महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यातही आठवड्याला 48 तास हीच मर्यादा आहे. त्याहून जास्त कामाला दुप्पट दरानं पैसे आणि आठवड्यातून एक सुट्टी असंही तो सांगतो. कामगारांच्या संख्येनुसार लहान ढाब्याला कुठल्या तरतुदी लागू होतात ते बदलतं. तेव्हा सांगलीच्या कामगार कार्यालयात विचारा. कामावर इजा झाली तर भरपाईसाठी 1923 पासून कायदा आहे. त्यासाठी दवाखान्यात "घरी भाजलं" असं खोटं सांगू नका. कुठं, केव्हा आणि काय काम करताना भाजलं ते केसपेपरवर लिहून घ्या आणि कागद जपून ठेवा.

आणि आपल्या घरची चूल

शेवटी एक गोष्ट घरातल्या कर्त्या पुरुषांना. पहाटे पाण्याची धावपळ, पोरांचे डबे, सासऱ्याचा चहा, तुमची भाकरी, सगळं एकाच वेळी तव्यावर असतं आणि बाहेरून आवाज येतो, "झालं का नाही अजून?" त्या बाईच्याही हाताशी जाळ आहे, सुरी आहे, आणि पायात रांगणारं मूल आहे. तिच्यावर ओरडलं तर तिच्याही अंगात तेच ॲड्रिनालिन धावतं. तिला सुट्टी नसते आणि काम सोडून निघून जाण्याची सोयही नसते. उठून मूल कडेवर घेतलं तरी अपघाताचा अर्धा धोका टळतो.

त्या पोराची जखम आता भरत आली आहे, पण मनगट पूर्ण वळत नाही. रोज कोमट पाण्यात हात हलवायचा व्यायाम चालू आहे. पहिल्याच दिवशी पाणी आणि दवाखाना झाला असता तर बहुधा ही वेळ आली नसती. बरं झाल्यावर तो पुन्हा त्याच भटारखान्यात जाणार आहे, कारण घरात दुसरी कमाई नाही. जाताना या पानातला भाजण्याचा भाग त्यानं आधीच मागून घेतलाय. वस्तादाला दाखवणार का, असं आम्ही विचारलं. तो म्हणाला, "आधी मोरीवरच्या पोराला दाखवतो. त्याला अजून कुणी काय सांगितलं नाही."